न आखलेल्या वाटेचं कौतुक

पावसाळा तोंडावर आला की मराठीत एक सल्ला दरवर्षी नव्याने उगवतो. आखणीबिखणीच्या नादी लागू नका, गाडी काढा आणि घाटाकडे सुटा. वाट नेईल तिकडे जा, आवडेल तिथे थांबा. वेळापत्रक हातात धरून फिरतो तो पर्यटक, आणि मोकळा सुटतो तो खरा भटका, अशी त्या सल्ल्याला एक प्रतिष्ठेची किनारही असते. आठवडाभर ऑफिसात घड्याळाला बांधलेल्या माणसाला हे ऐकायला गोड वाटतं, त्यात नवल नाही. पण सल्ला गोड आहे म्हणून बरोबर ठरत नाही. सपाट मुलखात तो फार तर निरुपद्रवी आहे: सोलापूरकडे निघून कंटाळा आला तर बार्शीला वळा, बिघडलं काय? सह्याद्रीच्या घाटांत मात्र तो साफ चुकीचा आहे. सुरक्षिततेचा मुद्दा तूर्त बाजूलाच ठेवू, कारण ‘जपून जा’ एवढंच सांगायचं असतं तर लेखाची गरज नव्हती. ज्या आनंदासाठी हा सल्ला दिला जातो तो आनंदच त्यामुळे हुकतो, असं माझं म्हणणं आहे. डोंगरात काय दिसणार हे तुम्ही कुठे उभे आहात यापेक्षा कधी उभे आहात यावर जास्त ठरतं, आणि ते ‘कधी’ आखल्याशिवाय हाती लागत नाही.

मुलखाची घडण बघा. पुणे, सातारा, कोल्हापूर या अंगाने येणाऱ्याला सह्याद्रीची उंची पुरती जाणवतच नाही. जमीन लाटालाटांनी चढत जाते आणि घाटमाथ्यावर एकाएकी संपते. खाली कोकण. मधला कडा बऱ्याच ठिकाणी सहाशे ते हजार मीटर उंचीचा, आणि सगळा पश्चिमेकडे तोंड करून उभा. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की अर्धी आखणी आपोआप होते. सकाळी सूर्य या भिंतीच्या पाठीमागे असतो. कड्याची सावली पायथ्याच्या गावांवर पसरलेली असते, आणि खालून पाहणाऱ्याला कडा म्हणजे नुसता काळपट पडदा दिसतो. दुपारी तीननंतर ऊन समोरून त्याच्यावर येतं आणि पडद्याला घड्या पडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकेक करून सुटे होतात: काळ्या दगडाचा पट्टा, त्यावर कुठे विटकरी मातीची बारीक रेघ, मग पुन्हा काळा पट्टा. घळी कुठे आहेत, सुळका कड्यापासून किती सुटा आहे, हे तेव्हा कळतं. याच्या उलट, घाटमाथ्यावरून कोकण बघायचं तर सकाळची वेळ बरी; ऊन आपल्या पाठीवर असतं आणि हवेत दिवसभराची धूळ अजून चढलेली नसते. म्हणजे नियम सोपा आहे. उतरायचं सकाळी, चढायचं दुपारनंतर.

आता हाच नियम एका शनिवार-रविवारला लावून पाहू. डिसेंबर आहे, सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. पुण्याहून पहाटे निघून भोर, तिथून नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने वरंध घाटाच्या माथ्यावर साधारण नऊला. आरामात उतरून दुपारी महाड. रायगड करायचा तर पाचाडच्या बाजूला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड-दोनला माणगाव सोडायचं, निजामपूर, विळे करत ताम्हिणीच्या पायथ्याशी यायचं आणि ऊन पाठीशी ठेवून चढायचं. कडे समोर उजळलेले, आणि मावळतीला मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहतं. आता न आखलेला माणूस बघा. अचानक निघालेला माणूस सहसा अकराला निघतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे: पोहे होतात, दुसरा चहा होतो, मग कुणाचा तरी चार्जर सापडत नाही. तो घाट उतरायला लागतो तेव्हा सूर्य पश्चिमेला कललेला असतो आणि प्रत्येक दुसऱ्या वळणावर थेट काचेतून डोळ्यांत शिरतो. पाठीमागे कडे सोन्यासारखे उजळलेले असतात, पण ते आरशातच. परतताना तो सकाळी सावलीतून चढतो किंवा रात्री अंधारातून. दोघांनी किलोमीटर तेवढेच तोडले, डिझेल तेवढंच जाळलं. एकाने सह्याद्री पाहिला आणि दुसऱ्याने सह्याद्री ओलांडला.

पावसाळ्यात ऊनच नसतं, मग हा हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. पावसाळ्याचा हिशेब वेगळा असतो आणि तो उन्हापेक्षा काटेकोर असतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पसरणी घाटाने वाई रस्त्याने जेमतेम ३२ किलोमीटर, आणि तेवढ्यात हा आकडा हजाराच्या खाली उतरतो. ढग पश्चिमेकडून येऊन कड्यावर रिते होतात आणि पलीकडच्या उतारावर त्यांच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही, हे शाळेच्या भूगोलात सगळे शिकलो आहोत; फक्त सहल ठरवताना विसरतो. भर जुलैत महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर काय दिसतं? चुना फासलेली भिंत. दरी नाही, नदी नाही, पलीकडचा डोंगर नाही. धुक्यात उभं राहण्याचं सुख वेगळं आणि ते मला मान्य आहे, पण त्यासाठी सहा तास गाडी चालवून नेमक्या त्या पॉइंटवर जायची गरज नव्हती. त्याच दिवशी त्याच वेळी वाईच्या बाजूला ढगांना भेगा पडलेल्या असतात, आणि पसरणीच्या वळणांवरून कृष्णेच्या खोऱ्यावर उन्हाचे कवडसे सरकताना दिसतात. पावसाळ्यात डोंगर बघायचा तर कड्यापासून वीस-तीस किलोमीटर पूर्वेला राहावं आणि कड्याकडे उघडीप बघून जावं. हे शहाणपण वाट आपणहून शिकवत नाही. नकाशा आणि पावसाचे आकडे शेजारी ठेवले तर शिकवतात.

कास पठाराचं तर विचारूच नका. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून सगळ्यांनाच माहीत झालं. फुलोरा साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यातही कोणतं फूल कोणत्या आठवड्यात, हे पावसाने किती उघडीप दिली यावर. दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे. मनात आलं म्हणून रविवारी सकाळी तिथे पोचलेला माणूस परत पाठवला गेला की व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडतो. पण खडकावर चार बोटं मातीत उगवणाऱ्या त्या फुलांना त्याच्या मनात कधी येतं याच्याशी देणंघेणं नाही. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच सगळी मिळून फुलते. तिच्याकडे ‘निघा आणि बघा’ म्हणून जाणाऱ्याला बहुधा पानंच बघावी लागतात.

आता रस्त्यांकडे येऊ. सपाट मुलखात रस्त्यांचं जाळं असतं. एक धागा तुटला तर शेजारचा धरता येतो. देश आणि कोकण यांच्यामधले घाट हे शिडीच्या पायऱ्यांसारखे आहेत: माळशेज, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. एक पायरी निखळली की पुढच्या पायरीवर जायला आधी शिडीच्या दांडीने बरंच अंतर कापावं लागतं. आणि पायऱ्या निखळतात. गेल्या काही पावसाळ्यांत वरंध घाट बंद ठेवण्याचे आदेश पुन्हा पुन्हा निघाले आहेत. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला तो वर्षभराहून अधिक काळ. २०२२ च्या उन्हाळ्यात चिपळूणजवळचा परशुराम घाट चौपदरीकरणासाठी रोज दुपारी काही तास बंद असायचा. ज्यांना ठाऊक होतं ते सकाळी निघून पार झाले, बाकीच्यांनी रांगेत कलिंगडं खाल्ली. यांतली प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी कळू शकत होती. भोरला सकाळी सातला कळलं की वरंध बंद आहे, तर मांढरदेवीच्या घाटाने वाई, तिथून पसरणी, महाबळेश्वर, आणि आंबेनळीने उतरून पोलादपूर असा दुसरा रस्ता आहे, आणि तो देखणेपणात पहिल्याच्या तोडीस तोड आहे. हेच दुपारी चारला, रस्त्यात आडव्या टाकलेल्या पत्र्याच्या पिंपांसमोर कळलं, तर तो रस्ता उपयोगाचा राहत नाही. वाट तीच, फक्त वेळ गेलेली.

इथे आखणीवाल्यांनाही एक टोचणी लावायला हवी. पर्यायी घाट कागदावर लिहिला म्हणजे काम झालं, असा त्यांचा समज असतो. २२ जुलै २०२१ च्या आसपास महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि आंबेनळीपासून आंबा घाटापर्यंतचे रस्ते खचले, तुटले. एका ढगाखालच्या दोन पायऱ्या एकाच दिवशी निखळतात. तेव्हा पावसाळ्यातला खरा पर्याय शेजारचा घाट नसून न उतरणं हा असतो. देशावरच राहू, वाईची देवळं बघू, मेणवलीचा वाडा बघू, आणि कोकण दिवाळीनंतर, असं आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाला त्या दिवशी हरल्यासारखं वाटत नाही. ठरवून न ठेवलेला माणूस मात्र ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणतो. डोंगरातल्या बऱ्याच वाईट निर्णयांची सुरुवात या चार शब्दांनी होते.

अंतराचा हिशेबही असाच फसवा आहे. नकाशाचं ॲप वेळ सांगतं ती गाडी चालत राहिली तर लागणारी वेळ. बघायला निघालेली गाडी चालत राहत नाही, आणि तिने राहूही नये. शिवाय घाटात वेग आपल्या हातात नसतो. तो पुढच्या लोड भरलेल्या ट्रकच्या हातात असतो. त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं हाच तिथला धर्म आहे. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे नियम जुन्या ड्रायव्हरांना विचारून शिकावेत असे आहेत, आणि ते सगळे वेळ खाणारे आहेत. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, आणि मग अर्धा तास कडेला थांबावं लागतं ते दृश्यासाठी नव्हे. म्हणून घाटाच्या आखणीत किलोमीटर लिहूच नयेत, तास लिहावेत, आणि ॲपने सांगितलेल्या तासांना दीडने गुणावं. शंभर किलोमीटरचा घाटरस्ता हा अख्ख्या सकाळचा कार्यक्रम आहे असं धरलं की घाई आपसूक गळून पडते.

आता या सल्ल्याच्या बाजूने बोलता येईल असा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. सहलीतले लक्षात राहणारे क्षण ठरवून आलेले नसतात, असं म्हणतात, आणि ते खरं आहे. वळणावर अचानक समोर आलेला ओढा, धुक्यातून निघालेली म्हशींची रांग, पावसाची सर थांबेपर्यंत टपरीत काढलेला तास, हे कुठल्याही तक्त्यात लिहिता येत नाही. पण या मुद्द्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकतो. अचानक भेटलेल्या ओढ्यापाशी थांबायचं तर हातात वेळ लागतो, आणि हातात वेळ असतो तो पुढचा मुक्काम कुठे आणि किती तासांवर आहे हे माहीत असलेल्याच्या. ज्याला रात्री कुठे टेकायचं हे ठाऊक नाही त्याच्या मागे दुपारपासूनच एक काळजी लागते. चार वाजले की तो घड्याळ बघतो, पाच वाजले की फोनला रेंज शोधतो, आणि ओढा दिसला तरी ‘पुढे बघू’ म्हणतो. मोकळेपणाचं कौतुक करणाऱ्यांना हे उलटं वाटेल, पण घाटात घड्याळाचा सर्वांत मोठा गुलाम तोच असतो ज्याने घड्याळाचा विचार आधी केलेला नसतो.

आणि थांबायचं कुठे, हाही आधी विचार करायचाच विषय आहे. जुलैतल्या एखाद्या रविवारी ताम्हिणीतलं एखादं वळण जवळून बघा. रस्त्याच्या कडेने पाणी घोट्याएवढं वाहतंय. दहा-बारा गाड्या अर्ध्या डांबरावर, अर्ध्या साइडपट्टीवर. त्यांतल्या एकीचं डावं चाक लाल चिखलात रुतलेलं, चौघं ढकलतायत, आणि फिरणाऱ्या चाकाने उडालेला चिखल मागच्याच्या पांढऱ्या शर्टावर. कणीसवाल्याची शेगडी प्लास्टिकच्या कागदाखाली धुमसते आहे. एकीकडून बस आलेली, दुसरीकडून टेम्पो, आणि मध्ये सेल्फी. ‘आवडेल तिथे थांबा’ या सल्ल्याचं हे चित्र आहे: सगळ्यांना एकाच वेळी तेच आवडतं आणि ते वळणावरच असतं. दरडीच्या बाजूला, डोंगरातून पाणी झिरपत असताना, गाडी लावून उभं राहणं हे भटकेपण नव्हे. वळण संपून सरळ पट्टा लागतो, जिथे कडेला चार गाड्या मावतील एवढी सपाटी आहे, अशा जागा प्रत्येक घाटात मोजक्या असतात आणि उपग्रहाच्या नकाशात घरबसल्या सापडतात. तिथे थांबून दोनशे पावलं चालत मागे आलात तर तेच दृश्य मिळतं, कणीसही मिळतं.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीच्या नावाने येतो. आमचे वडील-काका पाठीवर पिशवी टाकून निघायचे, कसली आखणी आणि कसलं काय. हे मात्र स्मरणरंजन आहे. ती पिढी निघायची ती एसटीने, आणि एसटीला वेळापत्रक होतं. पायथ्याच्या गावाला मुक्कामी गाडी कधी पोचते आणि सकाळी किती वाजता परत सुटते, यावर त्यांची सगळी भटकंती टांगलेली असायची. शेवटची गाडी चुकली तर रात्र देवळाच्या ओसरीवर, हे त्यांना माहीत होतं आणि म्हणून ते गडावरून चारला खाली यायचे. त्यांच्या तोंडी आखणी हा शब्द नसे, कारण आखणी महामंडळाने करून दिलेली होती. स्वतःची गाडी आली, वेळापत्रक गेलं, आणि त्या गेलेल्या वेळापत्रकालाच आपण स्वातंत्र्य म्हणू लागलो.

त्याहूनही जुना दाखला हवा असेल तर वारी आहे. महाराष्ट्रातला पायी प्रवासाचा सर्वांत मोठा आनंदसोहळा, आणि तितकाच काटेकोर आखलेला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून केव्हा निघणार, पुण्यात किती मुक्काम, दिवे घाट चढून सासवडला केव्हा, मग जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद, चांदोबाचा लिंबला पहिलं उभं रिंगण. सकाळचा विसावा कुठे आणि दुपारचं जेवण कुठे, हे पंचांगासारखं ठरलेलं. पुणे ते सासवड हा वारीतला मोठा टप्पा, त्यात घाटाची चढण, आणि तरी दिवे घाटाच्या वळणांवरून वर सरकणाऱ्या पताकांचं दृश्य हे वारीचं चित्र म्हणून घराघरांत लागलेलं आहे. वारकऱ्याला कधी कुणी म्हटलं आहे का, की तुझा रस्ता ठरलेला म्हणून तुझा आनंद खोटा? उलट रस्ता, मुक्काम आणि जेवण यांची काळजी दिंडीने उचललेली असते म्हणूनच त्याला तोंडाने अभंग म्हणता येतो. सहलीची आखणी म्हणजे ही दिंडीची व्यवस्था, घरच्या चौघांपुरती.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. गर्दी आखणीमुळेच होते, असं काहींचं म्हणणं. सगळे तेच लेख वाचतात, त्याच ‘बघायलाच हव्यात अशा दहा जागा’ टिपून घेतात आणि त्याच दहा जागी एकाच रविवारी आदळतात. त्यापेक्षा दिशाहीन फिरलेलं बरं. यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. पण यादी म्हणजे आखणी नव्हे, ती दुसऱ्याने केलेल्या सहलीची नक्कल आहे. तीत ऊन कुठून येतं ते नसतं, कोणता घाट बंद आहे ते नसतं, बरोबरच्या आजींना दर दोन तासांनी उतरावं लागतं हे नसतं. आणि दिशाहीन फिरणारा माणूस त्या दहा जागांपासून वाचतो, हा निव्वळ भ्रम आहे. दिशा नसलेला माणूस पुढच्या गाडीमागे जातो, आणि पुढची गाडी त्या दहांपैकी एका जागी निघालेली असते. लोणावळ्याच्या रविवारच्या कोंडीत अडकलेल्या किती जणांनी नीट आखून ती कोंडी निवडली असेल? गर्दी टाळायची तर तिची वेळ आणि जागा माहीत असावी लागते. गुरुवारी निघणं, अणुस्कुऱ्याने उतरणं, दुपारचं जेवण अकराला उरकणं, पौड-पिरंगुटच्या रविवार संध्याकाळच्या रांगेआधी तिथून निसटणं, ही सगळी आखणीच आहे.

शिवाय न आखण्याची किंमत कोण देतं, हेही पाहायला हवं. घाटाखालच्या आणि घाटमाथ्यावरच्या गावांतली घरगुती खाणावळ हॉटेलसारखी चालत नाही. सकाळी फोन करून किती माणसं ते सांगावं लागतं, तेवढ्या भाकऱ्यांचं पीठ काढलं जातं, तेवढी आमटी होते. रात्री साडेनऊला सहा माणसं दारात उभी राहून ‘काहीही चालेल’ म्हणतात तेव्हा ते काहीही कुणाला तरी चूल पुन्हा पेटवून करावं लागतं. आणि याहून जड ओझी वाहणारीही माणसं आहेत. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली तेव्हा दोर लावून शेकडो फूट खाली उतरणाऱ्यांत स्थानिक गिर्यारोहक होते. तो अपघात आखणी नसल्याने झाला असं मला मुळीच सुचवायचं नाही. सांगायचं एवढंच की दरीत उतरायला कुणीतरी लागतं, आणि ती माणसं बहुधा पगारी नसतात. निसरड्या दगडावर फोटो काढायला गेलेल्यासाठी, अंधारात बंद घाटात घुसलेल्यासाठी, तीच माणसं भरपावसात घराबाहेर पडतात. मन मानेल तसं फिरण्याच्या हक्कात त्यांच्या रात्रीचाही हिस्सा आहे.

रात्र हा या सगळ्या वादाचा शेवटचा टप्पा. घाट रात्री ओलांडला तर दिवस वाचतो, हे न आखणाऱ्यांचं आवडतं गणित. निसर्ग बघायला निघालेल्या माणसाने निसर्गाचा सर्वांत उंच भाग काळोखात पार करावा आणि वाचलेला दिवस हायवेवरच्या फूड मॉलमध्ये घालवावा, यातली गंमत त्यांच्या लक्षात येत नाही. ‘आखणी काव्याला मारते’ म्हणणाऱ्यांनी तर एकदा मेघदूत उघडून बघावं. पावसाळी प्रवासावरचं आपल्या परंपरेतलं सर्वांत गाजलेलं काव्य, ज्याचा आरंभ आपल्या रामटेकावर होतो असं बरेच अभ्यासक मानतात, आणि त्याचा पूर्वार्ध म्हणजे जवळजवळ मार्गदर्शिका आहे. आषाढातल्या ढगाला यक्ष मोघम ‘उत्तरेला जा’ असं सांगून सोडत नाही. दमलास की आम्रकूटावर टेक, म्हणतो. बरसून हलका झालास की रेवेचं पाणी पिऊन घे, नाहीतर वारा तुला भिरकावील. उज्जयिनी वाटेवर नाही, तरी वळसा घालून जा. महाकालाच्या देवळाशी अवेळी पोचलास तर सूर्य मावळेपर्यंत थांब, संध्याकाळच्या पूजेला तुझ्या गडगडाटाचा नगारा होऊ दे. विसावा, इंधन, वळसा, मोकळा ठेवलेला वेळ, सगळं त्यात आहे. आणि ज्याला ना कठडा ना दरड, ज्याच्यापाशी स्वतःची वीज आहे, त्या ढगालाही यक्ष रात्री चालायला सांगत नाही. कबुतरं झोपली असतील अशा एखाद्या गच्चीवर रात्र काढ, म्हणतो, आणि सूर्य दिसला की उरलेली वाट धर.